घरात असेल त्यातून

अमेरिकेला निघताना विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं आणि काय काढायचं हा प्रश्न आला. नवऱ्यानं तो तिथल्या तिथे सोडवला. प्रेशर कुकर बॅगेतच राहिला. माझ्या रंगांचा डबा, ब्रश आणि कागदांची मोठी गुंडाळी पोचवायला आलेल्या दिराच्या हातात परत गेली. "तिकडे सगळं मिळतं," नवरा म्हणाला. मिळत होतं हे खरं, पण वेस्ट विंडसरच्या अपार्टमेंटात आल्यावर मी हटून बसले. माझे रंग ते माझे रंग, ते नाहीत तर चित्र नाही. पुण्यात चित्रकलेचा डिप्लोमा केलेली बाई दोन वर्षं कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली की मी मुळात आर्टिस्ट, इथे साहित्य नाही म्हणून अडलंय.

साहित्य हे निमित्त होतं. खरं कारण मी कुणाला सांगत नव्हते. रंग हातात आले आणि तरी चित्र आलंच नाही तर काय, ही मला भीती होती. कॉलेजात शिकवणारे होते, स्पर्धा होत्या, शेजारच्या बाकावर कुणीतरी माझ्याहून बरं काढणारं होतं. इथे समोर नुसता बेज रंगाचा गालिचा आणि खिडकीबाहेर पार्किंग लॉट. मी आर्टिस्ट आहे की होते, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं तोवर बरं चाललं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो काळ. आमच्या ओळखीतली प्रत्येक बायको तेव्हा कोबोल शिकत होती. कोबोल म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा. घरच्या माणसांना हुकूम देऊन उपयोग होत नाही हे कळलेल्या बायकांना ती लवकर जमते, असं मला वाटायचं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कोर्स होता, कोर्स झाला की नोकरी होती. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायच्या शनिवारच्या पॉटलकला बायका भाज्यांच्या पाककृतींऐवजी प्रोग्रॅमच्या चुकांबद्दल बोलायला लागल्या होत्या. मला दिवस गेले होते, नोव्हेंबरच्या मध्यावर बाळंतपण होतं, आणि नवऱ्याचं गणित तयार होतं: बाळ जरा स्थिरावलं की जानेवारीत संध्याकाळचा कोर्स, तोवर तो लॅबमधून घरी येऊन बाळाला सांभाळेल. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं की मी घरात बसून आंबत चालले आहे, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नव्हतं.

आषाढी एकादशीला संध्याकाळी आम्ही साबुदाण्याची खिचडी खात होतो. त्यानं पुन्हा कोर्सचा विषय काढला. मी पुन्हा माझ्या रंगांचा डबा काढला. तो हसला आणि म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तो थट्टेनं म्हणाला होता. पण म्हण नेमकी तिथेच लागली जिथे मी दोन वर्षं हात ठेवून बसले होते. माझं डोकं फिरलं. मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "आज चातुर्मास सुरू झालाय. लोक नेम धरतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज गोपद्मं काढतं. मी रोज एक चित्र करीन. साहित्य विकत आणणार नाही. घरात असेल त्यातून."

"रोज?"

"रोज. कार्तिकी एकादशीपर्यंत. एकही खाडा झाला तर जानेवारीत मुकाट्यानं कोर्सला जाईन. नाही झाला तर त्या कोर्सचं नाव या घरात काढायचं नाही."

नवरा इंजिनिअर, आणि इंजिनिअरला अटी पक्क्या लागतात. चित्र झालं हे कधी धरायचं, असं त्यानं विचारलं. शेवटी ठरलं की पार्किंगमधले दिवे आपोआप लागतात त्याच्या आत चित्र पुरं व्हायला हवं. दिवे लागल्यावर काढलेली एक रेघही चालणार नाही. "डील," म्हणून त्यानं हात पुढे केला आणि मी उष्ट्या हातानंच तो घेतला. मग उरलेला कोरडा साबुदाणा मी केक भाजायच्या काळ्या ट्रेमध्ये ओतला आणि बोटानं सारत सारत एक म्हातारी बसवली, पाठीचा कणा वाकलेली, डोक्यावर पदर घेतलेली. बाहेर जुलैच्या तोंडाचं लांबलचक ऊन होतं, दिव्यांना पुष्कळ अवकाश होता. म्हातारी चांगली झाली नव्हती. मान धडात घुसली होती. पण झाली होती, आणि नवऱ्यानं उभ्यानं बघून "पास" म्हटलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. पांढऱ्या बशीत चहाची पावडर, वर्तमानपत्राचे कपटे, कांद्याची सालं. मसूर, मूग आणि उडीद यांच्यात मला अचानक इतके रंग दिसायला लागले की वाण्याकडे जाऊन डाळी निवडणारी मी आजवर आंधळीच होते असं वाटलं. विकत आणायचं नाही ही अट असल्यामुळे डाळ नंतर परत डब्यात जायची, किंवा सरळ कुकरमध्ये. एकदा मी मुगाच्या डाळीत समोरच्या घरावरून उतरणारं ऊन केलं होतं, नवऱ्याला ते मनापासून आवडलं, आणि रात्री त्याचं वरण करून आम्ही जेवलो. "छान होतं," तो म्हणाला. ऊन की वरण, हे मी विचारलं नाही.

सर्वांत मोठा शोध लागला तो तळघरातल्या लाँड्रीत. कपडे वाळवायच्या मशीनच्या जाळीवर कपड्यांच्या तंतूंचा एक मऊ थर साठतो, लिंट म्हणतात त्याला. सगळे तो सोलून कचऱ्यात टाकतात. निळ्या जीन्सचा थर आभाळासारखा निघतो, टॉवेलचा गुलाबी, आणि सगळं एकत्र धुतलं की पावसाळी करडा. मी तो फाडून पुठ्ठ्यावर चिकटवायला लागले. गोंद म्हणून भाताची पेज. वरच्या मजल्यावरच्या अमेरिकन बाईचे लाल टॉवेल कधी धुतले जातात यावर मी पाळत ठेवायची. एकदा तिनं मला तिच्या मशीनच्या जाळीत हात घातलेलं पकडलं. मी खरं ते सांगितलं. त्यानंतर ती लिंट पिशवीत भरून माझ्या दाराच्या मुठीला अडकवून जाऊ लागली.

मग श्रावण आला, आणि माझी चूक उघडी पडली.

दर वर्षी भारतातून कुणी ना कुणी मराठी कॅलेंडर घेऊन यायचं. त्या वर्षी कुणी आलं नव्हतं. भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं, त्यात दर महिन्याला एक धबधबा होता, पण तिथी कुठली असणार? आषाढी कधी हे मला काकूंनी फोनवर सांगितलं होतं. काकू म्हणजे नागपूरच्या, त्यांचे यजमान डॉक्टर, आमच्या भागात सगळ्यांच्या आधी आलेलं घर. सणवार, बाळंतपण, भांडण, कशातही शेवटचा शब्द त्यांचा. मी त्यांना फोन केला आणि विचारलं, "काकू, पहिला श्रावणी सोमवार या सोमवारीच ना?"

"अगं, काय करून राहिली तू? हा अधिक श्रावण आहे. उपास पुढच्या श्रावणात धर. कॅलेंडर नाही का घरी?"

मी बोटं मोजली. परत मोजली. "म्हणजे काकू, चातुर्मास पाच महिन्यांचा?"

"तर काय! पाचाचाच. का बरं?"

मी फोन ठेवला. चातुर्मास ऑक्टोबर संपता संपता उरकेल, बाळंतपणाआधी मला निवांत दोन-तीन आठवडे मिळतील, अशा हिशेबानं मी तोऱ्यात अटी घातल्या होत्या. आता कार्तिकी बाळंतपणाच्या पलीकडे गेली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्या घरी फोनवरून आला.

नवरा पोट धरून हसला. मग माझा चेहरा बघून थांबला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "हे बघ, नावात चातुर्मास आहे. चार महिने म्हणजे चार. एंड ऑफ ऑक्टोबर स्टॉप कर. आय ॲम ओके विथ दॅट."

माझ्या जागी शहाणी बाई असती तर तिनं ते घेतलं असतं. पण कुणी सवलत देऊ केली की माझ्या अंगाची लाही होते. "कार्तिकी म्हणाले होते," मी म्हटलं. "कार्तिकीपर्यंतच."

"मग हॉस्पिटलमध्ये काय करशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

सप्टेंबरात लेबर डेच्या सुटीला आम्ही नायगाराला गेलो. घरात असेल त्यातून या अटीचं काय करायचं यावर गाडीत बराच वाद झाला, आणि शेवटी जिथे असू तिथे जे असेल त्यातून, अशी दुरुस्ती झाली. धबधब्यासमोर सगळे फोटो काढत होते आणि मी खाणावळीच्या टेबलावर मीठ सांडून त्यातून पाणी पाडत होते. खडकांना कॉफी ढवळायच्या काड्या, फेसाला साखर. नवरा इकडेतिकडे बघत म्हणाला, "यार, लोक बघतायत." वाढणाऱ्या पोरीनं प्लेट उचलायला हात पुढे केला, चित्र बघितलं, आणि प्लेट तिथेच ठेवून मॅनेजरला बोलावून आणलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, धबधबा बरोबर आहे, फक्त अमेरिकेच्या बाजूचा डावीकडे हवा.

सगळेच दिवस असे नव्हते. पाय सुजायचे, पाठ धरायची. एके दिवशी मोहरीचा उंदीर काढून मी सुटका करून घेतली, आणि तो उंदीर आहे हे नवऱ्याला सांगावं लागलं. काही दिवस काहीच सुचायचं नाही आणि मी स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभी राहून एकेक डबा उघडून बंद करायची. आणि ऑक्टोबरअखेरीस, तिकडच्या पद्धतीनं, घड्याळं तासभर मागे गेली. पार्किंगमधले दिवे पाचच्या आत लागायला लागले. जेवण झालं, जरा आडवं झालं की संपलाच दिवस. तरी मी बसायची. वाईट चित्राची मला आता भीती वाटत नव्हती, कारण इतकी वाईट चित्रं माझ्या हातून होऊन गेली होती की त्यानं काही होत नाही हे कळलं होतं. दुसऱ्या दिवशी परत काहीतरी व्हायचं, आणि अधूनमधून असं काही व्हायचं की मीच दचकायची. हे मी केलं? लिंटमधून केलेलं स्टेशन होतं, पहाटे न्यूयॉर्कच्या गाडीची वाट बघत उभे असलेले कोटवाले लोक, कुणाचाच चेहरा नाही. ते मी मोडलं नाही. अजून आहे.

दिवाळी झाली आणि चारच दिवसांनी पहाटे कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलकडे जाताना गाडीत माझ्या मनात बाळ होतं, भीती होती, आई नव्हती म्हणून रडू होतं. आईचा व्हिसा अडकला होता. आणि या सगळ्याच्या खाली, दाताखाली खडा यावा तसं, आज चित्र व्हायचंय हे होतं.

मुलगी झाली. दुपारचं जेवण वाटायच्या वेळी झाली, व्यवस्थित, मोठ्यानं रडत. मला खोलीत आणलं तेव्हा मी इतकी गळून गेले होते की पाण्याचा ग्लास दोन हातांनी धरावा लागत होता. काकू स्टीलच्या डब्यातून गरम शिरा घेऊन आल्या. तोवर नवऱ्यानं त्यांना आमच्या पैजेची हकिकत सांगितली होती. काकूंनी मला चमच्यानं भरवता भरवता निकाल दिला.

"आता दहा दिवस सोयर आहे. सोयरात नेम नसतो. आपोआप सुटतो तो, दोष नाही लागत. चूप पडून राहा."

"बघ," नवरा आनंदानं म्हणाला. "ऑफिशियल सुट्टी. खाडा धरायचा नाही. मी धरणार नाही, प्रॉमिस."

खरं सांगते, मला ती सुट्टी हवी होती. डोळे मिटत होते. मी थोडा वेळ पडून विचार केला की घ्यावी. शास्त्रानं दिली आहे, नवऱ्यानं दिली आहे, माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. मग मला पुढचं दिसायला लागलं. आज सोयर. नंतर बाळाच्या रात्री. मग दात, मग ताप, मग बर्फ. प्रत्येक वेळी कारण खरं असेल आणि प्रत्येक वेळी कुणीतरी प्रेमानं म्हणेल की आज राहू दे. कोर्सला गेले नाही तरी मी परत कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसेन. मी कुशीवर वळून खिडकीकडे पाहिलं. हॉस्पिटललाही पार्किंग होतं आणि आभाळ फिकं पडायला लागलं होतं.

तेवढ्यात नर्स बाळाला घेऊन आली. तिकडे रिवाज आहे, बाळाच्या तळव्यांना शाई लावून जाड कागदावर ठसे घेतात आणि आईबापांना आठवण म्हणून देतात. तिनं काळ्या शाईचं पॅड काढलं, एवढासा पाय धरला, दाबला, दुसरा दाबला. मुलीनं जोरात निषेध केला. कागदावर दोन पावलं उमटली. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तो कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "हे घे. आजचं चित्र. ही तूच केलीस ना? पास."

मलाही रडू आलं. पण मी म्हटलं, "नाही. हे तिचं आहे. माझं मी करते."

नर्सला मी म्हटलं की ते पॅड क्षणभर राहू दे. जेवणाच्या ट्रेखालचा लांब पांढरा कागद ओढून घेतला. काकू म्हणाल्या, "हे काय आता?" आणि मी बसले. टाके ओढले गेले, दात ओठात रुतले, पण बसले. डाव्या हाताला सलाईनची सुई होती, उजवा मोकळा होता. उजव्या हाताची मूठ वळली, करंगळीकडची कड शाईवर दाबली आणि कागदावर टेकवली. मग बोटाच्या टोकांनी वर पाच ठिपके, अंगठा मोठा, बाकीची उतरत गेलेली. गोकुळाष्टमीला आई तांदळाच्या पिठात मूठ बुडवून दारापासून देवघरापर्यंत बाळकृष्णाची पावलं काढायची, तशीच. एक डावं, एक उजवं. उजव्या पावलासाठी मूठ उलटी धरावी लागते, ते अवघडलेल्या अंगानं जमत नव्हतं, म्हणून मी कागदच फिरवत गेले. दुपट्यातल्या मुलीकडे बघत एकेक पाऊल टाकत आणलं, कागदाच्या लांबच्या टोकापासून माझ्या मांडीपर्यंत. मधे एके ठिकाणी पावलं अडखळवली, एक जरा तिरकं, जणू ती थांबून काहीतरी बघतेय. मग परत सरळ.

नर्स वाकून बघत राहिली. हे कुणाच्या बाळाचे पाय, असं तिनं विचारलं. मी काळीकुट्ट मूठ वर करून दाखवली. तिनं आपली मूठ वळून तिच्या कडेकडे पाहिलं, आणि एकदम मोठ्यानं हसली.  काकूंनी पदराच्या टोकानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. शेवटचा अंगठा टेकवून मी मागे रेलले तेव्हा बाहेर अजून दिवे लागले नव्हते. लागले ते थोड्या वेळानं, एका ओळीत, आणि आम्ही सगळ्यांनी ते बघितले.

हॉस्पिटलच्या ऑफिसातली एक बाई तेव्हाच जन्माची नोंद करायला आली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी पडलेली, विस्कटलेली, उजवा हात काळा. तिनं नवऱ्याला विचारलं, त्यानं सांगितलं: त्याचं नाव, माझं नाव, जन्मगावं, तो कुठे काम करतो. मग तिनं पेन तसंच ठेवून विचारलं, "आणि पत्नी? हाउसवाइफ?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. कार्तिकी व्हायची होती. पाच महिने मी रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाकडे बघत पास की नापास याची वाट बघितली होती, आणि आताही तो उत्तर शोधत होता. मला एकदम कळलं की हे उत्तर त्याच्याकडे नाहीच.

"आर्टिस्ट," मी म्हटलं.

बाईनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि काही न विचारता लिहून घेतलं.

ती गेल्यावर नवरा मराठीत हळूच म्हणाला, "नेम संपायला अजून आठवडा आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "उद्या येताना घरून कात्री आण."